वंशावळ, निळा कागद आणि मोठे आतडे

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कोणाला किती, हा हिशेब घराण्याच्या माहितीपासून सुरू झाला. १८९५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले, की आपण फार जगणार नाही. घरातली बरीच माणसे पोटाच्या, आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली आहेत. तेव्हा ती धडधाकट होती. पुढे गर्भाशयाच्या कर्करोगानेच ती वारली. वॉर्थिन यांनी तिच्या नातलगांची वंशावळ १९१३ मध्ये ‘कुटुंब जी’ या नावाने प्रसिद्ध केली. ही वंशावळ बरीच वर्षे अडगळीत पडून राहिली.

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्याच ओमाहाच्या डॉ. हेन्री लिंच यांच्यासमोर दारूच्या आहारी गेलेला एक रुग्ण आला. घरातले सगळे कर्करोगाने मरतात, आपलेही तेच होणार, म्हणून पितो, असे त्याचे म्हणणे. लिंच यांनी त्याचे नातलग शोधले, १९६६ मध्ये अशा दोन कुटुंबांचा अभ्यास छापला आणि पुढे ‘कुटुंब जी’चाही माग काढला. कर्करोगाचे खापर बाह्य कारणांवर फोडण्याच्या त्या काळात त्यांचे अनुदानाचे अर्ज फेटाळले गेले. १९९३ मध्ये अशा आनुवंशिक कर्करोगामागचा एमएसएच२ जनुक सापडला, तेव्हा शंकेला जागा उरली नाही.

दरम्यान लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात कथबर्ट ड्यूक्स यांच्या अभ्यासातून पॉलिपचा, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावरच्या गाठीचा, कर्करोग होण्याची वाट दिसू लागली होती. या वाटेला सहसा अनेक वर्षे लागतात. लक्षणे नसताना तपासण्याला अर्थ आहे तो या अवधीमुळेच.

तपासणीचे साधन मात्र अगदी साधे होते. ग्वायॅकम झाडाची राळ लावलेल्या कागदावर मलाचा नमुना लावून वर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले, की रक्ताचा अंश असल्यास कागद निळा पडतो. ओहायोचे डॉ. डेव्हिड ग्रीगर यांनी १९६७ मध्ये हे काम रुग्णांच्या घरी नेले: मांसाहार वर्ज्य करायचा, नमुने घरीच कागदावर घ्यायचे. मांसातल्या रक्तानेही कागद निळा पडतो, म्हणून हे पथ्य. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शिन्या आणि वुल्फ यांनी कोलोनोस्कोपमधून, म्हणजे मोठे आतडे आतून पाहण्याच्या लवचिक दुर्बिणीतून, तारेचा फास सरकवून पॉलिप काढला. आता पोट न उघडताही तो काढता येऊ लागला.

१९९३ मध्ये निष्कर्ष आलेल्या, याच कागदी तपासणीच्या मिनेसोटा चाचणीत ४६ हजारांहून अधिक लोक होते. दरवर्षी तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले. टक्केवारी भारदस्त वाटते. पण १३ वर्षांतले या मृत्यूंचे प्रमाण हजारी ८.८३ वरून ५.८८ वर आले, असे मांडले की सामान्य धोक्याच्या माणसाला नेमका किती लाभ, ते समजते. लिंच यांच्या कुटुंबांचा हिशेब वेगळा. तिथे काही जनुकांत दोष असल्यास आयुष्यभराचा धोका निम्म्याच्या आसपास जातो.

म्हणून वयाच्या रेषाही वेगवेगळ्या. अमेरिकेत २०२१ मध्ये सामान्य धोक्याच्या लोकांसाठी सुरुवातीचे वय ५० वरून ४५ वर आले. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतले जे लवकर ते. एमएसएच२सारखा सदोष जनुक असेल, तर विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. भारतात या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच येतात. त्यामुळे इथे निर्णय बहुधा डॉक्टर आणि कुटुंब यांच्यातच होतो, आणि त्यात पहिला प्रश्न घरात कोणाला, कितव्या वर्षी झाला होता, हाच असतो.