प्रकाशसंश्लेषणातील इलेक्ट्रॉनचा प्रवास
हरितलवकातील थायलॅकॉइड पटलांवर प्रकाश पडताच प्रकाशप्रणाली-२ मधील हरितद्रव्य इलेक्ट्रॉन गमावते. ही उणीव पाण्याच्या विघटनातून भरून निघते. सजीवांच्या श्वसनाला लागणारा ऑक्सिजन हे त्याचेच उपफल होय. सुटलेला इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोन, सायटोक्रोम संकुल व प्लास्टोसायनिन यांच्यामार्फत प्रकाशप्रणाली-१ कडे जातो. या प्रवासात पटलाच्या आत प्रोटॉन साठतात आणि त्यांच्या परतीच्या ओघावर एटीपी तयार होते. प्रकाशप्रणाली-१ मध्ये प्रकाशापासून पुन्हा ऊर्जा मिळाल्यावर इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनमार्गे एनएडीपीपर्यंत पोहोचतो व एनएडीपीएच बनते. या दोहोंच्या बळावर वनस्पती कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा घडवते. उसातील तणांवर फवारले जाणारे ॲट्राझिन हीच साखळी प्लास्टोक्विनोनपाशी तोडते आणि तण मरते. ऊस मात्र ते निष्प्रभ करून तगतो.