पर्यावरणचिन्ह

एकाच प्रकारच्या वस्तूंपैकी पर्यावरणास तुलनेने कमी हानी पोहोचविणाऱ्या वस्तूवर, ठरावीक निकषांनुसार तपासणी झाल्यानंतर, लावण्यात येणारे अधिकृत चिन्ह. साबण, कागद, रंग, कापड, प्रशीतक (रेफ्रिजरेटर) यांसारख्या घरगुती वस्तूंच्या निर्मितीत किती पाणी व ऊर्जा खर्ची पडली, कोणती रसायने वापरली गेली आणि वापरानंतर त्यांची विल्हेवाट कशी लागणार, हे ग्राहकास वस्तू नुसती पाहून कळत नाही. किंमत व वजन यांची पारख दुकानात करता येते. कारखान्यातून नदीत सोडलेल्या सांडपाण्याची करता येत नाही. माहितीची ही उणीव भरून काढणे, हा पर्यावरणचिन्हाचा मूळ हेतू होय.

उगम व प्रसार : रेचेल कार्सन यांच्या सायलेंट स्प्रिंग (१९६२) या ग्रंथाने कीटकनाशकांच्या दुष्परिणामांकडे लोकांचे लक्ष वेधले. १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली व त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम अस्तित्वात आला. या कार्यक्रमाच्या बोधचिन्हावर आधारलेले ‘निळा देवदूत’ (ब्लाउअर एंगेल) हे चिन्ह पश्चिम जर्मनीने १९७८ मध्ये सुरू केले. पर्यावरणचिन्हाची ही जगातील पहिली शासकीय योजना मानली जाते. ओझोन थरास घातक अशा क्लोरोफ्ल्युरोकार्बन संयुगांपासून मुक्त असलेले फवारा-डबे हे या चिन्हाच्या आरंभीच्या वस्तूंपैकी होत. या संयुगांवर आंतरराष्ट्रीय निर्बंध घालणारा माँट्रिऑल करार त्यानंतर नऊ वर्षांनी, म्हणजे १९८७ मध्ये झाला. पुढे कॅनडा (१९८८), जपान व नॉर्डिक देश (१९८९) आणि यूरोपीय समुदाय (१९९२) यांनी आपापली चिन्हे प्रचारात आणली. रीओ दे जानेरो येथील परिषदेत (१९९२) संमत झालेल्या ‘अजेंडा २१’ या कृतिकार्यक्रमातही उपभोगाच्या पद्धती बदलण्याचे एक साधन म्हणून अशा चिन्हांना उत्तेजन देण्यात आले.

निकष : वस्तूचे मूल्यमापन तिच्या संपूर्ण जीवनचक्रावरून, म्हणजे कच्चा माल, उत्पादन, वाहतूक, वापर व विल्हेवाट या सर्व अवस्था लक्षात घेऊन करावे, असे तत्त्व कालांतराने रूढ झाले. या दृष्टीने वरवर निर्दोष वाटणारी निवडही तपासून पाहावी लागते. उदा., सुती पिशवीसाठी कापूस पिकविण्यास पुष्कळ पाणी लागते. त्यामुळे ती अनेक वेळा वापरली गेली, तरच प्लॅस्टिकच्या पिशवीहून हितावह ठरते. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने १९९९ मध्ये त्रयस्थ संस्थेने तपासून दिलेली चिन्हे आणि उत्पादकांनी स्वतः केलेले दावे यांच्यासाठी स्वतंत्र मानके प्रसिद्ध केली. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण ‘नैसर्गिक’, ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम शब्द वेष्टनावर छापण्याची प्रथा सर्वत्र वाढली व खऱ्या चिन्हांवरील विश्वासही तिने डळमळीत केला. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दिशाभूल करणाऱ्या दाव्यांसंबंधी २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली.

भारतातील योजना : केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ योजना जाहीर केली. तिच्यासाठी मातीचे मडके हे चिन्ह निवडण्यात आले. मडके मातीपासून घडते, फुटल्यावर मातीतच मिळते आणि त्यातून घातक कचरा निर्माण होत नाही. साबण व प्रक्षालके, कागद, रंग, प्लॅस्टिकच्या वस्तू, बॅटऱ्या, कापड इ. वर्गांसाठी निकष ठरविण्यात आले. भारतीय मानक ब्यूरोच्या गुणवत्तेच्या अटी आणि पर्यावरणविषयक निकष या दोन्हींची पूर्तता आवश्यक होती. योजना ऐच्छिक होती. चिन्हाची ओळख नसल्यामुळे ग्राहक त्याची मागणी करीत नव्हते आणि मागणी नसल्यामुळे उत्पादकांना तपासणीचा खर्च व्यर्थ वाटे. परिणामी फारच थोड्या उत्पादकांनी परवाने घेतले. २०२४ मध्ये नवे इकोमार्क नियम अधिसूचित होऊन त्यांनी १९९१ च्या योजनेची जागा घेतली.

याउलट ऊर्जासंवर्धन अधिनियमान्वये (२००१) स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची तारांकन योजना घरोघरी पोहोचली. तिचा आरंभ २००६ मध्ये झाला. एक ते पाच तारे व वार्षिक वीजवापराचा आकडा दर्शविणारी ही पट्टी २०१० पासून वातानुकूलक, हिमरहित प्रशीतक, नळीदिवे इत्यादींवर सक्तीची करण्यात आली. जास्त ताऱ्यांचे उपकरण घेताना महाग पडले, तरी त्याचा लाभ दरमहा विजेच्या देयकात दिसतो. निकष वेळोवेळी कडक केले जात असल्याने जुन्या उपकरणाचे पाच तारे नव्या उपकरणाच्या पाच ताऱ्यांशी समान ठरत नाहीत. मात्र ही पट्टी मुख्यतः विजेच्या वापराविषयी सांगते. उपकरणाच्या निर्मितीतील प्रदूषण किंवा ते मोडीत काढल्यावर होणारा कचरा यांचा निर्देश तीत नसतो.

मूल्यमापन : या दोन योजनांच्या इतिहासावरून असे दिसते, की ग्राहकाची सदिच्छा आवश्यक असली, तरी ती पुरेशी नसते. चिन्ह प्रत्येक वस्तूवर दिसणे, त्यामागे विश्वसनीय तपासणी असणे आणि त्याचा अर्थ घरखर्चाच्या भाषेत कळणे, या गोष्टी जुळून आल्या म्हणजेच कुटुंबाची निवड बदलते. शिवाय कोणतेही चिन्ह दोन वस्तूंपैकी कमी हानिकारक कोणती एवढेच सांगू शकते. वस्तूची मुळात गरज आहे किंवा नाही, याचा निर्णय ग्राहकालाच करावा लागतो. जुनी वस्तू दुरुस्त करून वापरणे व अनावश्यक खरेदी टाळणे यांसाठी कोणतेही चिन्ह दिले जात नाही; तथापि पर्यावरणावरील भार कमी करण्यात त्यांचा वाटा मोठा असतो.