रिमोट कोणाकडे आहे?

"रिमोट कुठाय?" हा प्रश्न आपल्या घरांमधून गेली तीसेक वर्षं रोज विचारला जातोय. उत्तरंही ठरलेली. सोफ्याच्या फटीत, उशीखाली, पेपरच्या घडीत. आमच्या एका आत्याकडे तर तो एकदा फ्रीजमध्ये सापडला होता, दह्याच्या पातेल्याशेजारी. अलीकडे मात्र या प्रश्नाला एक नवंच उत्तर मिळायला लागलंय. रिमोट दादाच्या खिशात आहे आणि दादा ऑफिसात आहे. कारण खरा रिमोट कधीचाच मोडला, आणि आता फोनवरचं ॲप हाच घराचा रिमोट.

ही सोय मला आवडते, उगाच नाकं मुरडणार नाही. पण रिमोटचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा एक गंमत दिसली. ज्या कटकटी टाळण्यासाठी पहिल्या लोकांनी डोकं खपवलं होतं, त्यातल्या बहुतेक सगळ्या या ॲपबरोबर पुन्हा घरात आल्या आहेत. कशा, ते सांगतो.

गोष्ट अमेरिकेतली, शिकागोच्या झेनिथ कंपनीची. कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडॉनल्ड. टीव्हीवरच्या जाहिरातींचा या गृहस्थांना मनस्वी तिटकारा. प्रेक्षक असल्या जाहिराती फार काळ सहन करणार नाहीत असं त्यांचं ठाम मत होतं, आणि तोवर निदान त्या गप्प करायचं काहीतरी साधन लोकांच्या हातात असावं अशी इच्छा. म्हणजे रिमोट आळशी माणसासाठी निघाला असं आपण समजतो ते अर्धंच खरं. (अर्धं खरं अशासाठी, की १९५० साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या रिमोटचं नावच 'लेझी बोन्स' होतं!) तो वायरीचा होता. टीव्हीपासून खुर्चीपर्यंत जाड वायर आणि तिला अडखळून पडणारी घरची मंडळी. वायर काढा, असा निरोप आला.

१९५५ साली झेनिथमधल्याच यूजीन पॉली या इंजिनिअरने 'फ्लॅश-मॅटिक' तयार केला. हा पहिला बिनवायरीचा टीव्ही रिमोट. दिसायला छोट्या पिस्तुलासारखा, पण आतून टॉर्चच. टीव्हीच्या पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे बसवले होते. या कोपऱ्यावर झोत मारला की चॅनल पुढे, त्या कोपऱ्यावर मारला की आवाज बंद. कल्पना झकास, पण सूर्यालाही टॉर्च असते हे कोणी ध्यानात घेतलं नव्हतं. संध्याकाळचं ऊन खिडकीतून पडद्यावर आलं की टीव्ही आपणहून काहीही करायला लागायचा.

मग काम गेलं रॉबर्ट ॲडलरकडे. हे मूळचे व्हिएन्नाचे, भौतिकशास्त्राचे डॉक्टर. त्यांच्यापुढच्या अटी ऐका, कारण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त मजा त्या अटींचीच वाटते.

प्रकाश नको, कारण ऊन. रेडिओलहरीही नकोत, कारण त्या भिंतीतून आरपार जातात आणि आपण चॅनल बदलला तर शेजाऱ्यांचा बदलेल. आणि कंपनीच्या विक्री खात्याची खास अट अशी की रिमोटमध्ये बॅटरी नको! का? तर बॅटरी संपली की गिऱ्हाईकाला वाटेल टीव्हीच बिघडला. आपल्याकडे सेल संपले की रिमोट तळहातावर आपटतात, झाकण काढून सेल गोल गोल फिरवतात आणि त्यावर आणखी आठवडा काढतात. ते त्या विक्रेत्यांनी पाहिलं असतं तर एवढी काळजी केली नसती.

ॲडलरनी उत्तर काढलं ते आवाजाचं. रिमोटच्या डबीत ॲल्युमिनियमच्या चार दांड्या, साधारण अडीच इंचांच्या, प्रत्येकीची लांबी किंचित वेगळी. बटण दाबलं की छोटी हातोडी दांडीवर टण्णकन बसणार. दांडी इतक्या उंच स्वरात वाजणार की माणसाच्या कानाला ऐकूच येणार नाही, पण टीव्हीला येईल. चार दांड्या, चार स्वर, चार कामं: चॅनल पुढे, चॅनल मागे, आवाज बंद-चालू, टीव्ही बंद-चालू. बस्स. ना वायर, ना सेल. अल्ट्रासाउंड भिंतीपलीकडेही जात नाही, त्यामुळे शेजारी सुखी. देवळातली घंटा वाजवायला कुठे सेल लागतात?

हा 'स्पेस कमांड' १९५६ साली बाजारात आला. बटण दाबताना खट्ट वाजायचं म्हणून अमेरिकेत रिमोटला 'क्लिकर' म्हणायला लागले. दोष होतेच. तो स्वर पकडायला टीव्हीत सहा जादा व्हॅक्यूम ट्यूब लागायच्या, त्यामुळे टीव्हीची किंमत जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढली. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधीकधी चॅनल बदलायचा. पुढे ट्रान्झिस्टर आले, टीव्हीतला खर्च कमी झाला आणि हातातला रिमोटही दांड्या सोडून सेलवर गेला. तरी अल्ट्रासाउंडचं राज्य सुमारे २५ वर्षं टिकलं आणि असे नव्वद लाखांवर टीव्ही विकले गेले. पॉलींचं नाव मात्र बराच काळ ॲडलर यांच्या सावलीत राहिलं. शेवटी १९९७ मध्ये या कामासाठी दोघांना मिळून एमी पुरस्कार मिळाला. ॲडलर २००७ मध्ये गेले, पॉली २०१२ मध्ये.

यातलं काहीच आपल्याकडे आलं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढे कितीतरी वर्षं चॅनल एकच. बदलायचा काय? लागलंच तर घरातलं शेंडेफळ हाच रिमोट, "ऊठ रे, आवाज कमी कर." खरं कष्टाचं काम गच्चीवर असायचं. एकजण अँटेना फिरवतोय, दुसरा जिन्यात, तिसरा टीव्हीसमोर. "दिसतंय का?" "नाही!" "आता?" "आलं, आलं... गेलं!"

१९९१ मध्ये स्टार, १९९२ मध्ये झी आणि गल्लोगल्ली केबलवाले आले, तेव्हा कुठे आपल्याला रिमोटची गरज भासली. तोवर रिमोट इन्फ्रारेडवर आला होता. रिमोटच्या तोंडाशी असलेला छोटा दिवा सेकंदाला साधारण ३८,००० वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याचे लहान-मोठे तुकडे म्हणजे 'आवाज वाढव' वगैरे हुकूम. आपल्याला तो उजेड दिसत नाही, पण फोनच्या कॅमेऱ्याला बरेचदा दिसतो. रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, जांभळट ठिपका चमकला तर रिमोट ठीक आहे. (रिमोट टाकून देण्याआधी एवढं करून पाहा. सेल्फीचा कॅमेरा वापरलात तर बरं, मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच असते पुष्कळदा.)

घोळ असा झाला की प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. फिलिप्सची १४ बिटांची, एनईसीची ३२ बिटांची, सोनीची १२ बिटांची. टीव्हीला एक, व्हीसीआरला दुसरा, टेपला तिसरा. म्हणून सगळ्यांचा मिळून एक रिमोट काढावा असं १९८० च्या दशकात अनेकांना सुचलं. त्यातले एक ॲपलवाले स्टीव्ह वॉझनियाक. ॲपल सोडल्यावर त्यांनी नवी कंपनी काढली आणि १९८७ मध्ये 'कोअर' नावाचा रिमोट आणला. दुसरा रिमोट त्याच्यासमोर धरायचा आणि त्याची भाषा याला शिकवायची, पोपटासारखी. फार चालला नाही. सामान्य माणसाला शिकवणी घ्यायला वेळ नव्हता.

आपल्याकडे हे दुखणं दोन हप्त्यांत आलं. २००३ नंतर हळूहळू डीटीएच, आणि २०१२ अखेर मुंबईत व २०१३ मध्ये पुणे-नाशिक-नागपुरात केबललाही सेट टॉप बॉक्स सक्तीचा. घरोघरी दोन रिमोट झाले. एकाने टीव्ही लावायचा, दुसऱ्याने चॅनल. कितीतरी आज्यांनी टीव्ही एकट्याने लावणं सोडलं ते तेव्हाच, असं माझं निरीक्षण आहे. आवाज कुठल्या रिमोटचा वाढवायचा यावर आमच्याकडे रोज चर्चासत्र व्हायचं.

नेमक्या याच सुमाराला, २०१३ मध्ये, एचटीसी वन आणि सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस४ या फोनांत तो इन्फ्रारेड दिवा आला. त्याच वर्षीच्या अँड्रॉइड ४.४ ने असल्या दिव्यासाठी ॲप लिहिणाऱ्यांना सरळ वाट करून दिली. पुढे शाओमीच्या रेडमी फोनांमुळे तो आपल्या मध्यमवर्गीय खिशात पोचला. कंपनी निवडा, मग ॲप एकेक संकेत सोडून विचारतं: टीव्ही बंद झाला का? नाही. आता? नाही. आता? झाला! गच्ची गेली, पण संवाद तोच राहिला.

ज्या फोनात तो दिवा नाही (आयफोनमध्ये रिमोटचा दिवा कधी आलाच नाही), तिथे स्मार्ट टीव्ही वायफायवर ऐकतो. म्हणजे रेडिओलहरी. ॲडलरनी नाकारल्या होत्या त्याच. शेजाऱ्याचा चॅनल बदलू नये म्हणून आता टीव्हीच्या पडद्यावर आकडे उमटतात, ते फोनवर टाकून जोडी जमवायची. पण एकदा जमली की भिंत मध्ये येत नाही. आतल्या खोलीत पांघरुणात लोळणारा भाचा आजीची मालिका ऐन रंगात बदलू शकतो, आणि आजी टीव्हीला दोष देते. विक्री खात्याची ती जुनी भीती! राउटर बंद, फोनची बॅटरी ३ टक्के, ॲपला अपडेट हवंय, यातलं काहीही झालं तरी घरच्यांना वाटतं टीव्हीच बिघडला.

आणि मॅकडॉनल्डसाहेबांचं काय? फुकटातल्या कितीतरी रिमोट ॲपांत आवाज कमी करायच्या बटणापर्यंत पोचायच्या आधी जाहिरात बघावी लागते. पाच सेकंद थांबा, मग कोपऱ्यातली बारीक फुली शोधा. टीव्हीवरची जाहिरात गप्प करण्यासाठी रिमोटवरची जाहिरात बघायची.

मला त्याहून जास्त खुपतं ते वेगळंच. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो कळकट रिमोट घराचा होता. त्यासाठी भांडणं व्हायची, पण भांडायला तो समोर टीपॉयवर असायचा. पाहुणाही उचलायचा. फोनचं तसं नाही. त्याला कुलूप आहे, त्यात बँक आहे, मेसेज आहेत. "जरा फोन दे, बातम्या लावते" असं आईला मुलाकडे मागावं लागतं आणि दहातल्या आठ वेळा ती मागत नाही, लागलंय ते बघत बसते. ॲप किती चांगलं आहे याचा इथे संबंध नाही. तिच्या फोनवर वेगळं ॲप घालून देता येतं, दिलंही. पण चष्मा शोधा, फोन उघडा, ॲप शोधा, इतकं होईतो बातम्या संपतात. बटण मात्र तिला अंधारातही बोटाने कळायचं.

म्हणून गेल्या महिन्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. तिथे दुकानांत रिमोट केळ्यांच्या घडासारखे टांगलेले असतात. मी टीव्हीचा मॉडेल नंबर चिठ्ठीवर लिहून नेला होता. दुकानदाराने ती बघितलीसुद्धा नाही. म्हणाला, "जुना रिमोट आणलाय का? मोडका असला तरी चालेल."