नाशिकच्या वाड्यातला मुडदूस

नाशिकवर लिहिताना आपण घाट, देवळे, पेशवेकालीन वाडे यांतच रमतो. त्या वाड्यांतल्या लेकरांच्या पायांवर मात्र 1921 साली ‘ग्लासगो मेडिकल जर्नल’मध्ये एक निबंध छापून आला. लेखक हचिसन आणि पटेल. विषय नाशिक शहरातील मुडदुसाची कारणे. पुढच्याच वर्षी हचिसन यांनी शहा यांच्याबरोबर तो विषय आणखी पुढे नेला.

तेव्हा युरोपात या रोगावरून मोठा वाद चालू होता. एकाच घरातली भावंडे फेंगड्या पायांची दिसत, म्हणून काही डॉक्टर दोष रक्ताला देत. 1919 साली मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून आहाराकडे बोट दाखवले. कॉडलिव्हर तेलाने पिले सुधारत होती. त्याच वर्षी बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली मुले बरी करून दाखवली. धुराने काळवंडलेल्या शहरांत उपास आणि अंधार एकाच खोलीत नांदत. त्यांतला गुन्हेगार निवडायचा कसा?

नाशिकात ते दोघे वेगळे सापडले. उन्हाला तोटा नव्हता. तरीही मुडदूस होता, आणि तो बऱ्या खात्यापित्या, पडदा पाळणाऱ्या घरांत अधिक होता. आई माजघरात, म्हणून तान्हेही माजघरात. शेतावर राबणाऱ्या बाईचे पोर जाडेभरडे खाऊन, बांधावर उघडे लोळून सरळ पायांनी वाढत होते. वयात येताच पडद्यात गेलेल्या मुलींचीही हाडे मऊ पडत. अशा मुलीचा कटिभाग आवळला की बाळंतपणात मूल अडते, आणि त्यात दोन्ही जीव जाऊ शकतात. मला हा निबंध वैद्यकापेक्षा सामाजिक इतिहासाचाच कागद वाटतो. आजीपासून नातीपर्यंत उतरत होती ती घराची रीत. डॉक्टर तिलाच रक्त समजत होते.

म्हणून आनुवंशिकता खोटी ठरली असे मात्र नाही. 1937 साली बोस्टनमध्ये फुलर अल्ब्राइट आणि सहकाऱ्यांनी एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या मात्रेला त्याचा मुडदूस दादच देत नव्हता. अशा एका प्रकारात मूत्रपिंडे फॉस्फेट गाळून टाकतात. त्यामागचे ‘फेक्स’ हे जनुक 1995 मध्ये ओळखले गेले. ते एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून बापाला हा आजार असेल तर तो त्याच्या सगळ्या मुलींना होतो. बापाकडून मुलग्यांना मात्र कधीच येत नाही. असे लेकरू दिवसभर अंगणात खेळले तरी पाय वाकतातच, आणि तरीही शेजारीपाजारी आईलाच विचारतात, “उन्हात नेत नाहीस का गं याला?”