मदरबोर्ड आणि रॅमची निवड

मदरबोर्ड आणि रॅमची निवड हा सुटे भाग जोडून डेस्कटॉप संगणक तयार करण्याच्या प्रक्रियेतील महत्त्वाचा टप्पा आहे. अशा संगणकास भारतात सामान्यतः असेंबल्ड संगणक म्हणतात. मदरबोर्ड हा संगणकाचा मुख्य मुद्रित परिपथ फलक असून प्रोसेसर, रॅम, साठवणुकीची साधने व ग्राफिक्स कार्ड त्याद्वारे एकमेकांशी जोडली जातात. रॅम ही तात्पुरती स्मृती असून विद्युतपुरवठा बंद होताच तिच्यातील माहिती नष्ट होते. हे दोन्ही भाग परस्परांशी आणि प्रोसेसरशी सुसंगत असणे आवश्यक असते. एखादा भाग सॉकेटमध्ये बसला म्हणजे तो चालेलच असे नाही. त्यामुळे केवळ आकार पाहून केलेली खरेदी वाया जाऊ शकते.

निवडीचा क्रम

सर्वप्रथम संगणकाचा उपयोग व खर्चाची मर्यादा ठरवून प्रोसेसर निवडला जातो. प्रोसेसरवरून सॉकेट, सॉकेटवरून मदरबोर्ड आणि मदरबोर्डवरून रॅमचा प्रकार निश्चित होतो. जुन्या संगणकातील रॅम नव्या संगणकात वापरायची असल्यास हा क्रम उलटा होतो व प्रोसेसरचे पर्याय मर्यादित होतात.

सॉकेट आणि चिपसेट

प्रोसेसर ज्या खोबणीत बसवला जातो, तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटवर डीडीआर४ रॅम चालते, तर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर केवळ डीडीआर५ रॅम चालते. इंटेल कंपनीच्या एलजीए १७०० सॉकेटचे प्रोसेसर दोन्ही प्रकारांना आधार देतात. मात्र कोणता प्रकार वापरता येईल, हे मदरबोर्डवरील स्लॉटवरून ठरते.

सॉकेट समान असूनही चिपसेटमुळे विसंगती उद्भवू शकते. इंटेलने २०१७ मध्ये आणलेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए ११५१ याच नावाच्या सॉकेटसाठी होते. तरीही १०० व २०० मालिकेतील चिपसेटच्या मदरबोर्डवर ते अधिकृतरीत्या चालत नव्हते व त्यांना ३०० मालिकेचे चिपसेट आवश्यक होते.

चिपसेट योग्य असला तरी मदरबोर्डवरील बायोस जुनी असल्यास नवा प्रोसेसर ओळखला जात नाही. काही मदरबोर्डवर प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हच्या साहाय्याने बायोस अद्ययावत करण्याची सोय असते. ती नसल्यास जुना, सुसंगत प्रोसेसर तात्पुरता मिळवावा लागतो.

मदरबोर्डचा आकार

एटीएक्स हे मानक इंटेलने १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार मदरबोर्डचे माप ३०५ × २४४ मिलिमीटर असते. मायक्रो-एटीएक्सचे कमाल माप २४४ × २४४ मिलिमीटर, तर मिनी-आयटीएक्सचे १७० × १७० मिलिमीटर असते. मिनी-आयटीएक्समध्ये रॅमचे सहसा दोनच स्लॉट असल्याने पुढील विस्ताराला मर्यादा येते. कॅबिनेट निवडलेल्या आकारासाठी योग्य असावे लागते.

रॅमच्या पिढ्या

| पिढी | मानक प्रसिद्ध | डेस्कटॉप मॉड्यूलवरील पिना | विद्युतदाब |
|---|---|---|---|
| डीडीआर३ | २००७ | २४० | १.५ व्होल्ट |
| डीडीआर४ | २०१२ | २८८ | १.२ व्होल्ट |
| डीडीआर५ | २०२० | २८८ | १.१ व्होल्ट |

डीडीआर४ व डीडीआर५ यांच्या पिनांची संख्या समान असली तरी मॉड्यूलवरील खाचेची जागा वेगळी असते. त्यामुळे एका पिढीची रॅम दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बळाचा वापर केल्यास स्लॉट तुटू शकतो. सर्व्हरसाठीची डीडीआर४ रजिस्टर्ड रॅम मात्र डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसते, पण सामान्य डेस्कटॉप मदरबोर्डवर चालत नाही. वापरलेली रॅम खरेदी करताना हा फरक विशेष लक्षात घ्यावा लागतो.

वेग आणि विलंब

डीडीआर रॅम घड्याळाच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा माहिती पाठवते. त्यामुळे डीडीआर४-३२०० रॅमची प्रत्यक्ष वारंवारता १६०० मेगाहर्ट्झ असते आणि काही सॉफ्टवेअरमध्ये हाच आकडा दिसतो; तो दोष नव्हे. सीएल हा आकडा विलंब आवर्तनांमध्ये दर्शवतो, काळामध्ये नव्हे. ३२०० वेगाची सीएल १६ रॅम आणि ६००० वेगाची सीएल ३० रॅम या दोहोंचा हा विलंब १० नॅनोसेकंद इतकाच येतो. नंतरच्या रॅमचा माहिती वहनाचा वेग मात्र बराच अधिक असतो.

वेष्टनावर छापलेला वेग बहुधा आपोआप मिळत नाही. त्यासाठी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो ही मांडणी सुरू करावी लागते. अन्यथा ६००० वेगाची रॅम ४८०० सारख्या मूळ वेगाने चालू शकते.

मॉड्यूलची संख्या

बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर दोन वाहिन्यांद्वारे रॅमशी जोडलेले असतात. डीडीआर४-३२०० रॅमची एका वाहिनीची कमाल वहनक्षमता सेकंदाला २५.६ गिगाबाइट, तर दोन वाहिन्यांची ५१.२ गिगाबाइट असते. म्हणून १६ गिगाबाइटच्या एका मॉड्यूलऐवजी ८ गिगाबाइटची दोन मॉड्यूल घेणे सहसा लाभदायक ठरते. प्रोसेसरमध्ये अंतर्भूत ग्राफिक्स वापरल्यास हा लाभ अधिक जाणवतो. चार स्लॉट असल्यास दोन मॉड्यूल बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात.

चारही स्लॉट भरल्यास वेग कमी होऊ शकतो. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरसाठी दोन मॉड्यूलसह ५२००, तर चार मॉड्यूलसह ३६०० हा अधिकृत कमाल वेग आहे. वेगवेगळ्या वेळी खरेदी केलेली मॉड्यूल एकत्र चालतीलच याची खात्री नसल्याने आवश्यक क्षमतेचा संच एकदाच घेणे हितावह असते.

खरेदीपूर्व पडताळणी

मदरबोर्ड उत्पादक आपल्या संकेतस्थळावर दोन याद्या देतात: चालणारे प्रोसेसर व त्यांसाठी लागणारी किमान बायोस आवृत्ती, आणि तपासलेल्या रॅम मॉड्यूलची यादी. दुसऱ्या यादीत नसलेली रॅमही अनेकदा चालते. पहिल्या यादीत नसलेल्या प्रोसेसरबाबत मात्र तसे गृहीत धरता येत नाही. जोडणीनंतर डीडीआर५ संगणक प्रथम सुरू करताना रॅमच्या जुळवणीसाठी पडदा काही मिनिटे कोरा राहू शकतो. या काळात विद्युतपुरवठा बंद न करता वाट पाहणे आवश्यक असते.