अंगणातील पक्ष्यांचे निरीक्षण व खाद्य (विणीचा हंगाम)

अंगणातील पक्ष्यांचे निरीक्षण व खाद्य म्हणजे घराच्या अंगणात, परसात, गच्चीवर व आसपासच्या झाडांवर वावरणाऱ्या पक्ष्यांना त्रास न देता पाहणे, त्यांच्या नोंदी ठेवणे आणि त्यांना अन्न, पाणी व घरट्यासाठी जागा उपलब्ध करून देणे होय. हा उपक्रम वर्षभर करता येतो; मात्र विणीच्या हंगामाच्या प्रारंभी त्याचे स्वरूप बदलते. प्रौढ पक्षी धान्यावर गुजराण करू शकत असले, तरी बहुतेक जातींच्या पिल्लांना वाढीसाठी किडे व अळ्या लागतात. त्यामुळे या काळात केवळ दाणे टाकणे पुरेसे ठरत नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुम आणि त्याभोवतीचा कोरडवाहू पठारी प्रदेश मुख्यत्वे विचारात घेतला आहे.

परिसर

मुरुम हे कर्नाटकच्या सीमेजवळ वसलेले नगरपरिषदेचे गाव आहे. आजूबाजूचा प्रदेश बालाघाटच्या पठाराचा भाग असून जमीन प्रामुख्याने काळी आहे. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. ज्वारी, तूर, हरभरा व सोयाबीन ही येथील प्रमुख पिके होत. अंगणातील कडुनिंब, लिंबू, डाळिंब, कढीपत्ता व जास्वंद, विहिरीकाठची बाभूळ आणि देवळाजवळचे वड-पिंपळ हे या भागातील पक्ष्यांचे नेहमीचे आसरे आहेत.

विणीचा हंगाम

सर्व पक्ष्यांची वीण एकाच वेळी होत नाही. पिल्लांना लागणारे अन्न ज्या काळात मुबलक असेल, त्या काळाशी प्रत्येक जातीची वीण जुळलेली असते. दख्खनच्या पठारावर अंगणात दिसणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे आहे:

• चिमणी: जवळजवळ वर्षभर, फेब्रुवारी ते मे या महिन्यांत आणि पुन्हा पावसाळ्यात अधिक.
• तांबट: हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत. वाळलेल्या किंवा ठिसूळ फांदीत चोचीने ढोली कोरतो.
• जांभळा शिंजीर: प्रामुख्याने उन्हाळ्यात. मादी कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेले, थैलीसारखे लोंबते घरटे करते. या काळात नराचा रंग गडद जांभळा-काळा व चकचकीत होतो.
• बुलबुल: उन्हाळा व पावसाळ्याचा प्रारंभ. लिंबू, डाळिंब, मेंदी अशा दाट झुडपांत वाटीसारखे घरटे बांधतो.
• दयाळ: मार्च ते जुलै. ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात घरटे करतो. पहाटे नराचे गाणे ऐकू येते.
• साळुंकी: एप्रिल ते ऑगस्ट. ढोली, भिंतीतील पोकळी अथवा छताखालची जागा वापरते.
• कावळा: एप्रिल ते जून. याच काळात कोकिळेची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते.
• शिंपी: उन्हाळा व पावसाळा. रुंद पानांच्या कडा कापसाच्या किंवा कोळ्याच्या धाग्यांनी शिवून त्यात घरटे करतो.
• सुगरण: पावसाळा. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना घरट्यांच्या वसाहती लटकलेल्या दिसतात.

विणीचा प्रारंभ ओळखण्याच्या काही खुणा आहेत. नर ठरावीक जागेवरून वारंवार गातात, आरशातील किंवा काचेतील स्वतःच्या प्रतिबिंबावर चोच मारतात, पक्षी चोचीत काडी, कापूस वा पीस घेऊन एकाच दिशेने जाऊ लागतात. पुढे चोचीत काडीऐवजी अळी दिसू लागली, की घरट्यात पिल्ले आहेत असे समजावे.

पिल्लांचा आहार

चिमणी एका वेळी साधारणतः ३ ते ५ अंडी घालते. अंडी उबण्यास ११ ते १४ दिवस लागतात आणि त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले घरटे सोडतात. इतक्या अल्प काळात हाडे, स्नायू व पिसे तयार होण्यासाठी प्रथिनांची गरज असते आणि ती मुख्यतः कीटकांतून भागते. म्हणूनच एरवी दाणे टिपणारी चिमणी व सुगरण पिल्लांना, विशेषतः पहिल्या काही दिवसांत, मऊ अळ्या, मावा, नाकतोडे व कोळी भरवतात. फुलांतील मकरंदावर जगणारा शिंजीर आणि फळे खाणारा बुलबुल हेही पिल्लांसाठी कीटक पकडतात.

होला व पारवा हे या नियमाला महत्त्वाचे अपवाद आहेत. त्यांच्या अन्नपिशवीच्या आतील थरातून स्रवणारा दुधासारखा दाट पदार्थ नर व मादी दोघेही पिल्लांना भरवतात. हा पदार्थ केवळ धान्य खाऊनही तयार होत असल्याने कीटक नसलेल्या ठिकाणीही त्यांची वीण यशस्वी होते. सिमेंटच्या इमारतींच्या वस्तीत मोठ्या प्रमाणावर धान्य टाकल्यास पारव्यांची संख्या वाढते, चिमण्यांची तितकी वाढत नाही, याचे एक कारण यात आहे. पारव्यांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या श्वसनविकारांच्या कारणावरून मुंबईत २०२५ साली कबुतरखाने बंद करण्याची कारवाई झाली.

अंगणात किंवा परसबागेत कीटकनाशक फवारल्यास प्रौढ चिमणीचे दाणे कमी होत नाहीत. तिच्या पिल्लांचे अन्न मात्र नाहीसे होते. विषारी अळ्या भरवल्या गेल्यास पिल्ले दगावण्याचाही धोका असतो.

शेतकरी व पक्षी

ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यात माणूस व दाणे खाणारे पक्षी यांचा संबंध दुहेरी राहिला आहे. कणसे दुधात आली की शेतात मचाण बांधून गोफणीने पाखरे हाकलली जातात. रब्बी ज्वारीची काढणी साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. त्यानंतर खळ्यावर सांडलेले दाणे पक्ष्यांच्या वाट्याला येत आणि निवडक कणसे ओसरीच्या तुळईला किंवा देवळाच्या मंडपात चिमण्यांसाठी टांगली जात. चिमण्यांच्या विणीचा पहिला बहर याच काळात येत असल्याने प्रौढ पक्ष्यांना घराजवळच अन्न मिळे आणि किडे शोधण्यासाठी वेळ उरे.

मराठवाड्यात गेल्या काही दशकांत ज्वारीखालील क्षेत्र घटून सोयाबीनचे क्षेत्र वाढले आहे. सोयाबीनचा मोठा व टणक दाणा लहान चोचीच्या पक्ष्यांच्या फारसा उपयोगाचा नसतो. यंत्राने मळणी होऊ लागल्यामुळे अंगणातील खळेही कमी झाले आहे.

धान्य खाणारे पक्षी हे शेतीचे केवळ शत्रू मानण्याचा परिणाम चीनमध्ये दिसून आला. तेथे १९५८ साली सुरू झालेल्या मोहिमेत चिमण्या मोठ्या संख्येने मारण्यात आल्या. त्यानंतर पिकांवरील किडींचा उपद्रव वाढला आणि १९६० साली चिमणीचे नाव उपद्रवी प्राण्यांच्या यादीतून काढण्यात आले.

खाद्य देण्याच्या पद्धती

धान्य: ज्वारी, बाजरी, राळा व तांदळाची कणी लहान पक्ष्यांना योग्य ठरते. एका दिवसात संपेल इतकेच धान्य ठेवावे. उरलेले धान्य ओलसर झाल्यास त्यावर बुरशी येते व ती पक्ष्यांना घातक असते. ज्वारीची कणसे टांगणे ही पद्धत आजही सोयीची आहे. टांगलेल्या कणसाला चिमणी व मुनिया सहज लटकतात, पारव्यांना मात्र ते अवघड जाते.

फळे: केळे, पपई, चिकू किंवा पेरूच्या फोडी बुलबुल, तांबट, साळुंकी व कोकीळ खातात. त्या सकाळी ठेवून दुपारपूर्वी उचलाव्यात.

टाळावयाचे पदार्थ: शेव, फरसाण, चिवडा असे खारट व तळलेले पदार्थ, बिस्किटे, दूध आणि शिळे, आंबलेले अन्न देऊ नये. पावाने पोट भरते, परंतु पोषण होत नाही.

पाणी: मार्च ते जून या काळात धान्यापेक्षाही पाण्याची निकड अधिक असते. मातीचे पसरट परळ सावलीत, पण मांजराला दडून बसता येणार नाही अशा मोकळ्या जागी ठेवावे. पाण्याची खोली कडेला १ ते २ व मध्यभागी ५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. उभे राहण्यासाठी त्यात एखादा खडबडीत दगड ठेवावा. पाणी रोज बदलावे व भांडे घासावे. त्यामुळे डासांची पैदास होत नाही आणि पक्ष्यांमध्ये रोगही पसरत नाहीत.

झाडे: पिल्लांच्या दृष्टीने स्थानिक झाडे हीच सर्वांत उपयुक्त खाद्यव्यवस्था आहे. पळस, पांगारा व काटेसावर ही झाडे हिवाळा संपताना फुलतात आणि मकरंदासह कीटकही पुरवतात. लिंबोळ्या, उंबरे आणि कढीपत्त्याची पिकलेली फळे अनेक पक्षी खातात. अंगण लहान असल्यास जास्वंद, कढीपत्ता व तुळस यांच्या चार कुंड्याही उपयोगी पडतात. परसाचा एक कोपरा न खुरपता ठेवल्यास गवताचे बी व अळ्या दोन्ही मिळतात.

घरट्यांसाठी जागा

मराठवाड्यातील पारंपरिक माळवदाच्या घरांत दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया व त्यावर मातीचा थर असे. भिंत व तुळई यांमधील सांदी, कोनाडे आणि वळचणी यांत चिमण्या घरटी करीत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. उमरगा तालुका सर्वाधिक बाधित भागांपैकी एक होता. दगड-मातीची घरे कोसळून झालेल्या या हानीनंतर भूकंपरोधक व सिमेंट-काँक्रीटच्या बांधकामाकडे लोकांचा कल वाढला. माणसांच्या सुरक्षिततेसाठी हा बदल आवश्यक होता. मात्र सलग गिलाव्याच्या नव्या भिंतींत पक्ष्यांना जागा उरत नाही. ती उणीव कृत्रिम घरट्यांनी काही अंशी भरून काढता येते.

चिमणीसाठी लाकडी पेटीला सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे गोल दार ठेवतात. त्याहून मोठे दार असल्यास साळुंकी पेटीचा ताबा घेऊ शकते. पेटी जमिनीपासून अडीच ते तीन मीटर उंचीवर, थेट ऊन व पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी, पश्चिमेचे ऊन टाळून लावावी. तळाशी पाणी झिरपण्यासाठी बारीक छिद्रे असावीत. छताच्या पंख्याजवळ पेटी लावू नये. पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पेटी येथील उन्हाळ्यात तापून पिल्लांचा जीव धोक्यात येतो. हंगाम संपल्यावर, घरटे रिकामे असल्याची खात्री करून, पेटी स्वच्छ करावी.

निरीक्षणाचे नियम

सूर्योदयानंतरचे दोन तास निरीक्षणास उत्तम मानले जातात. साधी ८×४० क्षमतेची दुर्बीण व वही एवढे साहित्य पुरते. वहीत दिनांक, वेळ, हवामान, पक्ष्याची जात, संख्या आणि वर्तन नोंदवावे. घरट्याजवळ वारंवार जाणे, फांद्या बाजूला सारणे, अंडी हाताळणे व जवळून छायाचित्रे घेणे टाळावे. माणसाच्या ये-जा करण्याच्या वाटेने कावळे व मांजरे घरट्यापर्यंत पोहोचतात. चोचीत अन्न असूनही पक्षी घरट्यात न शिरता ओरडत राहिल्यास निरीक्षकाने मागे सरावे.

जमिनीवर दिसणारे प्रत्येक पिल्लू अनाथ नसते. अंगावर पिसे आलेले व उड्या मारणारे पिल्लू उडायला शिकत असते आणि त्याचे पालक जवळच असतात. त्याला उचलून घरात नेऊ नये. पिसे न आलेले पिल्लू पडले असल्यास ते अलगद घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागल्यास पक्षी पिल्लाला टाकून देतात, हा समज चुकीचा आहे.

नोंदींचे मोल अनेक वर्षांनी कळते. २०२० साली प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा अहवाल हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर आधारित होता. त्यानुसार चिमणीची संख्या देशपातळीवर साधारणतः स्थिर असून मोठ्या महानगरांत ती घटलेली आहे. दरवर्षी फेब्रुवारीत होणाऱ्या चार दिवसांच्या जागतिक अंगणपक्षी गणनेत भारतातील निरीक्षक २०१३ पासून सहभागी होत आहेत.

कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची हानी करणे अथवा अंडी वा घरटी विस्कळीत करणे यांचा समावेश शिकारीच्या व्याख्येत होतो. पोपटासारखे देशी वन्य पक्षी पिंजऱ्यात पाळण्यासही बंदी आहे. नागरी क्षेत्रात झाड तोडण्यासाठी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगी आवश्यक असते. पावसाळ्यापूर्वी होणारी फांद्यांची छाटणी नेमकी विणीच्या काळात येते. त्यामुळे छाटणीपूर्वी झाडावर घरटी आहेत का हे पाहणे, तसेच शक्य असल्यास ते काम हिवाळ्यात करणे हितावह ठरते.

संस्कृती व अभ्यास

मराठी घरांत लहान मुलाला भरवताना चिऊचा व काऊचा घास वेगळा काढला जातो. पितृपक्षात कावळ्याला काकबळी दिला जातो. पावश्याच्या उन्हाळ्याअखेरच्या हाकेत शेतकऱ्यांना ‘पेर्ते व्हा’ असे शब्द ऐकू येतात. कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर व किती उंचीवर बांधले यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची लोकरीत प्रचलित आहे; तिला शास्त्रीय आधार नाही.

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास रायगड जिल्ह्यातील किहीम येथे सुगरणीच्या विणीचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी ते पाहून पसंत करते आणि त्यानंतर नर ते पूर्ण करून दुसरे घरटे बांधायला घेतो, असे त्यांच्या निरीक्षणातून स्पष्ट झाले. सोलापूर येथे जन्मलेले वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची मराठी व लोकभाषांतील नावे ‘पक्षीकोश’ या ग्रंथात संकलित केली. चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर व सालिम अली यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर यांच्या दरम्यान महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २० मार्च हा दिवस २०१० पासून जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो.

हे सुद्धा पहा

• चिमणी
• सुगरण
• सालिम अली
• मारुती चितमपल्ली
• मुरुम