वाकलेल्या बोटाची गोष्ट

आज बोलू या पायाच्या बोटांबद्दल.

आमच्या गटातली एक ताई रोज डहाणूहून लोकलने बोईसरला कंपनीत जाते. मागच्या बैठकीत तिचा पाय दिसला. अंगठ्याशेजारचं बोट मधल्या सांध्यात वर उचललेलं आणि त्यावर कुरूप. म्हणाली, "दोन वर्षं झाली. बोलले तर काम जाईल, म्हणून गप्प राहिले." डॉक्टर याला हॅमर टो म्हणतात, म्हणजे हातोडीसारखं वाकलेलं बोट.

हे समजून घ्यायला थोडं मागे जाऊ. २३ मे १९४५ रोजी तलासरी भागातल्या झरी गावात हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेची ती परिषद होती. यापुढे वेठ करायची नाही, असं तिथे ठरलं. आमच्या आज्या सांगतात, त्या काळी पायात वहाण म्हणजे सावकाराघरची गोष्ट. काटे, विंचू, चिखलाने कुजलेली बोटं, सगळं सोसावं लागे. त्याचं कौतुक नको, ती गरिबी होती. पण अनवाणी पायाची बोटं मोकळी राहत. अमेरिकेतल्या डॉक्टर हॉफमन यांनी १९०५ मध्ये अनवाणी आणि बूट घालणाऱ्या लोकांच्या पायांची तुलना छापली. अनवाणी लोकांची बोटं सरळ आणि पसरलेली होती.

मग रस्ते झाले, कारखाने आले. १६ एप्रिल २०१३ ला विरारची लोकल डहाणूपर्यंत आली. बायका कामाला जाऊ लागल्या आणि पायात बंद बूट आले. बूट पुढे निमुळता किंवा आखूड असला की बोट दुमडून बसतं. रोज आठ-दहा तास असंच राहिलं की स्नायूंची ओढ बदलते. सुरुवातीला बोट हाताने सरळ होतं, पुढे सांधा आखडतो. संधिवात, जुनी दुखापत किंवा घराण्यातली पायाची ठेवण यांमुळेही असं होतं.

बोट हाताने सरळ होतंय तोवर उपाय सोपे आहेत. बूट पुढून रुंद घ्या, लांब बोटापुढे अर्धा इंच जागा ठेवा. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. बोटांनी जमिनीवरचा टॉवेल गोळा करण्याचा व्यायाम करा. कुरूप ब्लेडने कापू नका. सांधा आखडला असेल आणि दुखणं थांबत नसेल, तर ऑपरेशनने बोट सरळ करता येतं. आधी तलासरीच्या ग्रामीण किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बोटं वाकली आणि पाय बधिर असेल, तर दोष फक्त बुटाचा नाही. मधुमेह किंवा कुष्ठरोगाने शिरा बिघडल्या असू शकतात. लगेच आशाताईंना सांगा. कुष्ठरोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो.

सेफ्टी बूट सोडायचा नाही, मापाचा मागायचा. एकटीने मागायला भीती वाटते, म्हणून सगळ्यांनी मिळून मागू. पुढच्या बैठकीला येताना कागद आणि पेन्सिल आणा. कागदावर उभं राहून प्रत्येकीच्या पायाचं माप काढू.